औषध एक, प्रकृति अनेक

“व्यक्ति तितक्या प्रकृति” हें वचन आपल्या घरांत इतक्या सहजपणें उच्चारिलें जातें कीं, त्यांत कांहीं खोल अर्थ असेल असें बोलणाऱ्याच्या मनांतही येत नाहीं. पानांत वांगें नको म्हणणाऱ्या पाहुण्यासाठीं, पहांटे उठूं न शकणाऱ्या मुलासाठीं, वैशाखांतही शाल पांघरणाऱ्या आजोबांसाठीं हें एकच वचन पुरतें. परंतु आजार व औषध यांच्या प्रसंगीं, जेथें तें खरोखर आठवावयास पाहिजे, तेथें मात्र आपण तें नेमकें विसरतों. आणि जो फरक निसर्गाच्या घडणीचा, त्याचा दोष रोग्याच्या पथ्यावर, नाहींतर त्याची शुश्रूषा करणाऱ्या बाईवर लादून मोकळे होतों. या विषयाकडे आमचें लक्ष वळलें तें एका स्नेह्यांच्या घरीं घडलेल्या प्रकारामुळें. तो प्रकार आधीं सांगतों. त्यांतील माणसांचीं नांवें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. वऱ्हाडांतील पुष्कळ घरांस तो आपलाच वाटेल.

हें कुटुंब अकोल्याचें. घरांत आईवडील, नोकरी करणारा थोरला मुलगा, त्याची पत्नी, आणि अमरावतीस शिक्षिका असलेली धाकटी मुलगी, जी दर सुट्टीला घरीं येई. प्रथम मुलाला खोकला लागला. तीन आठवडे झाले तरी तो हटेना. संध्याकाळीं अंग मोडून येई, वजन उतरूं लागलें. थुंकी तपासली तेव्हां क्षय ठरला व औषध सुरू झालें. पुढें दोन महिन्यांनीं मुलीलाही तेंच दुखणें निघालें. तिनें शाळेंतून रजा घेतली आणि ती अकोल्यास येऊन राहिली. भावाचें व तिचें वजन जवळजवळ सारखें, त्यामुळें गोळ्याही तितक्याच. दोघांचें जेवण एकाच चुलीवरचें, दोघांच्या गोळ्या एकाच फडताळांत. भावाला औषध मानवलें. बहिणीला मात्र पांचव्या आठवड्यांत अन्नाचा तिटकारा आला, मळमळ सुरू झाली, आणि एके दिवशीं सकाळीं वहिनीनें खिडकीच्या उजेडांत तिचे डोळे पाहिले, तों ते हळदीसारखे पिवळे!

मुलीच्या लग्नाचीं बोलणीं त्याच सुमारास चाललीं होतीं. क्षयाचें नांव आधींच घरांत दबल्या आवाजांत निघत असे. त्यांत ही कावीळ. डॉक्टरांकडे वारंवार जाणें म्हणजे चारचौघांच्या दृष्टीस पडणें, असा विचार होऊन घरांतल्या घरांतच निकाल लागला कीं, औषध उष्ण पडलें. वहिनीच्या फोडणींत तेल सढळ असतें, तिनें पथ्य नीट सांभाळलें नाहीं, असेंही बोलणें झालें. गोळ्या बंद झाल्या आणि कोणीं तरी सुचविलेला काविळीचा पाला सुरू झाला. कांहीं आठवड्यांत डोळे निवळले. पाल्याला यश मिळालें, गोळ्यांच्या माथीं अपयश बसलें, आणि प्रकरण मिटलें असें सर्वांस वाटलें. चार महिन्यांनीं मुलीच्या खोकल्यांतून रक्त पडलें, तेव्हां कोठें तिला रुग्णालयांत नेण्यांत आलें.

आम्ही भेटीस गेलों असतां तिची आई आम्हांस म्हणाली, “अहो, दोघें एकाच आईच्या पोटचीं, एकाच घरचें खाऊन वाढलेलीं. एकाला जें अमृत झालें, तें दुसरीला विष कसें व्हावें?” वहिनी तेथेंच उभी होती. ती कांहींच बोलली नाहीं; पण या प्रश्नाचें उत्तर मिळावें ही गरज आईपेक्षां तिलाच अधिक होती, हें तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतें. प्रश्न अगदीं योग्य होता, आणि त्याचें उत्तर शास्त्राजवळ साठ वर्षांहून अधिक काळ तयार आहे. तें आमच्या वाचकांपुढें मांडावें म्हणून हा प्रपंच.

क्षयाच्या आजच्या नेहमींच्या उपचारांत पहिले दोन महिने चार औषधें रोज दिलीं जातात: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड व एथाम्ब्यूटॉल. पुढील चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेलीं तीन. यांपैकीं पहिलीं तीन यकृताला त्रास देऊं शकतात. माणसामाणसांतील भेदाचा अभ्यास सर्वांत जुना व सर्वांत स्पष्ट आहे तो आयसोनियाझिडाचा, म्हणून त्याचीच हकीकत घेऊं. हें द्रव्य १९१२ सालीं प्राग येथें दोघां रसायनशास्त्रज्ञांनीं तयार केलें. पण तें कोणत्या रोगावर चालेल याची त्यांस कल्पना नव्हती, आणि चाळीस वर्षें तें ग्रंथांतच पडून राहिलें. क्षयावर त्याचा गुण १९५२ सालीं जगापुढें आला. जीं माणसें त्यापूर्वीं मिरजेच्या किंवा पांचगणीच्या आरोग्यधामांत हवेवर व नशिबावर हवाला ठेवून पडत, त्यांच्या घरांस खरी आशा दिसूं लागली ती या व याच्या आगेमागे निघालेल्या औषधांमुळें. पुढें मद्रास येथें १९५६ सालीं निघालेल्या संशोधन-केंद्रानें १९५९ मध्यें दाखवून दिलें कीं, औषधें नियमानें घेतलीं तर रोगी आपल्या घरीं राहूनही आरोग्यधामांतल्याइतकाच बरा होतो. आज क्षयाचा रोगी घरच्या माणसांत राहून बरा होतो, त्याचें बरेंच श्रेय या मद्रासच्या कामास आहे.

परंतु औषध हातीं येतांच डॉक्टरांस एक चमत्कारिक गोष्ट दिसूं लागली. वजनाच्या मानानें सारखीच मात्रा घेतलेल्या माणसांचें रक्त कांहीं तासांनीं तपासलें, तर कित्येकांच्या रक्तांत औषध पुष्कळ शिल्लक असे, आणि कित्येकांच्या रक्तांत तें जवळजवळ संपलेलें असे. माणसांच्या उंचीची जशी ठेंगण्यापासून उंचापर्यंत अखंड रांग लागते, तसा हा प्रकार नव्हता. माणसें जणूं दोन गटांत वांटलीं गेलीं होतीं. १९६० सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें प्रसिद्ध झालेल्या एका लेखांत आईबाप व मुलें अशीं पुरीं कुटुंबें तपासून हा भेद आनुवंशिक असल्याचें दाखविण्यांत आलें. खाणेंपिणें, हवामान, पथ्य यांच्याशीं त्याचा मूळ संबंध नव्हता. तो जन्माबरोबर आलेला होता.

हा भेद कशानें होतो तें पाहूं. यकृतांत परक्या द्रव्यांची विल्हेवाट लावणारे अनेक कामगार असतात. शास्त्रीय मराठींत त्यांस विकर म्हणतात. बोलतांना आपण एन्झाइम म्हणतों. आयसोनियाझिडाचें काम ज्याच्याकडे येतें त्या मुख्य विकराचें नांव एन-ॲसिटिल ट्रान्स्फरेज दोन. नांव लांबलचक असलें तरी काम सोपें आहे. औषधाच्या कणाला सिरक्याच्या आम्लाचा एक लहानसा अंश चिकटवावयाचा. म्हणजे औषधाचा जोर संपतो व तें शरीराबाहेर पडण्याच्या वाटेस लागतें. हा कामगार घडविण्याचा आराखडा आपल्या आठव्या गुणसूत्रावर असतो. प्रत्येकाजवळ या आराखड्याच्या दोन प्रती, एक आईकडून आलेली व एक बापाकडून. आराखड्यांत एखाद्या अक्षराचा फेर पडला कीं कामगार दुबळा निपजतो. ज्यांच्या दोन्ही प्रतींत असा फेर, तीं माणसें ‘मंद’. ज्यांची एक तरी प्रत चांगली, तीं ‘शीघ्र’. एकच प्रत चांगली असणारांस ‘मध्यम’ असाही पोटभेद आतां करितात.

‘मंद’ हा शब्द वाचून कोणीं मनास लावून घेऊं नये. वऱ्हाडांत शेतीशीं ज्यांचा थोडाही संबंध आहे त्यांस हा भेद चटकन् समजेल. आषाढांतील एकच सर पूर्णेच्या कांठच्या भारी काळ्या रानावर पडते आणि डोंगराच्या पायथ्याच्या बरड रानावरही पडते. काळी जमीन पाणी धरून ठेवते. सर बेताची असेल तर पीक जोमानें येतें, आणि झड लागली तर मुळें कुजतात. बरड जमिनींतून पाणी निघून जातें. तेथें झडीचें भय नाहीं, पण चार दिवस पाऊस ओढला तर रोप माना टाकतें. कोणती जमीन चांगली हा प्रश्नच येथें गैरलागू आहे. शेतकरी जमीन पाहून पेरतो. मंद यकृत म्हणजे काळी जमीन, शीघ्र यकृत म्हणजे बरड. आणि गोळी म्हणजे ती सर.

शीघ्र माणसांसही या भेदाची किंमत मोजावी लागते, ही गोष्ट कमी लोकांस ठाऊक आहे. रोज औषध घेणाऱ्या रोग्यांच्या बरें होण्यांत मंद व शीघ्र असा मोठा फरक पडत नाहीं. परंतु आठवड्यांतून एकदांच आयसोनियाझिड व स्ट्रेप्टोमायसिन देण्याचे प्रयोग मद्रास येथें झाले, तेव्हां शीघ्र रोगी मागें पडले. कारण त्यांच्या शरीरांत दोन मात्रांच्या मध्यें औषधाचा लवलेश उरत नसे. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत पूर्वीं आठवड्यांतून तीनदां औषध देत. २०१७ पासून तें सर्वत्र रोज देण्याचें ठरलें. त्यास कारणें अनेक होतीं. पण मात्रांमधील अंतर जितकें कमी, तितका कोणत्याही प्रकृतीच्या रोग्यास दगा कमी, हें तत्त्व आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां काविळीकडे वळूं. आयसोनियाझिड मोडत असतां वाटेंत हायड्रॅझीनच्या जातीचीं कांहीं उपद्रवी द्रव्यें निर्माण होतात. त्यांना निरुपद्रवी करण्याचें कामही बऱ्याच अंशीं त्याच पहिल्या विकराकडे असतें. तो दुबळा असला तर हीं द्रव्यें साचतात आणि सीवायपी दोन-ई-एक या दुसऱ्या विकराच्या हातीं पडून अधिक दाहक होतात. नित्याच्या मद्यपानानें या दुसऱ्या विकराचें बळ वाढतें, हें येथेंच सांगून ठेवितों. तिसरा एक पहारेकरी आहे. त्याचें नांव ग्लुटाथायोन ट्रान्स्फरेज. दाहक कण दिसला कीं त्यास ग्लुटाथायोन नांवाच्या द्रव्याशीं बांधून टाकावयाचें, हें त्याचें काम. या पहारेकऱ्याचे कित्येक प्रकार आहेत, आणि नवल असें कीं त्यांतील ‘एम-एक’ किंवा ‘टी-एक’ हा प्रकार लाखों निरोगी माणसांत मुळींच नसतो. आराखड्याच्या वहींतून तें पानच गळालेलें असतें, आणि तरीही माणूस आयुष्यभर धडधाकट राहतो. एखादें जड औषध घेण्याची पाळी आली तरच ती उणीव कदाचित् जाणवावयाची.

या विषयाचा फार मोठा अभ्यास चिनी लोकांमध्यें झाला आहे. क्षयाचे सर्वांत अधिक रोगी भारतांत असले, तरी चीन देशही त्या दुःखद यादींत वरच्या भागांत आहे. त्यामुळें तेथील, तैवानांतील व हाँगकाँगमधील वैद्यांस हा प्रश्न आपल्याइतकाच जवळचा वाटतो. चिनी लोकांत मंद माणसें शेंकडा वीस-पंचविसांच्या आसपास आढळतात. जपान्यांत शेंकडा दहा. युरोपीय लोकांत निम्मीं किंवा थोडीं अधिक. आणि मद्रासकडील तपासण्यांत आपल्या लोकांत शेंकडा साठांच्या आसपास. पहारेकऱ्यांच्या बाबतींत चित्र उलटें आहे. ‘एम-एक’ व ‘टी-एक’ हे दोन्ही प्रकार सुमारें निम्म्या-निम्म्या चिनी माणसांत नसतात. आपल्याकडे ते नसणारांचें प्रमाण त्याहून बरेंच कमी आहे. म्हणजे एका दाराशीं त्यांचा कामगार सरस, तर दुसऱ्या दाराशीं आपला पहारा अधिक.

तैवानांतील वैद्यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत क्षयाचीं औषधें घेणाऱ्या मंद रोग्यांपैकीं शेंकडा सुमारें २६ जणांच्या यकृतास इजा झाली, तर इतरांत शेंकडा ११ जणांच्या. आपल्याकडेही हें काम झालें आहे. कलकत्त्याच्या संशोधकांनीं २००१ सालीं ‘एम-एक’ नसलेल्या रोग्यांत हा धोका अधिक असल्याचें नमूद केलें. मुंबईच्या वैद्यांनीं २०१३ सालीं पश्चिम भारतांतील रोग्यांत मंदपणाचा व सीवायपीच्या भेदाचा संबंध दाखविला. पहारेकऱ्यांविषयींचे चिनी निष्कर्ष मात्र एकमेकांशीं जुळत नाहींत. कांहीं अभ्यासांत संबंध आढळला, कांहींत आढळला नाहीं. शास्त्रांत असें होतें, आणि तें उघडपणें सांगितलें जातें हेंच शास्त्राचें भूषण होय.

आतां त्या माउलीच्या प्रश्नाचें उत्तर देतां येईल. समजा, आई व बाप दोघेंही मध्यम आहेत. म्हणजे प्रत्येकाजवळ आराखड्याची एक चांगली व एक सदोष प्रत आहे. मुलाला प्रत्येकाकडून एकच प्रत मिळावयाची. चांगली-चांगली, चांगली-सदोष, सदोष-चांगली व सदोष-सदोष असे चार जोड संभवतात. चौथ्या जोडाचें मूल मंद होणार. दोघांपैकीं एक जण स्वतःच मंद असेल तर मूल मंद निघण्याचा संभव निम्मा. तेव्हां सख्ख्या भावंडांत भेद पडणें हा चमत्कार नसून साधा हिशेब आहे. रक्त एक, घर एक, अन्न एक. पण वांटणींत हातीं आलेल्या प्रती निराळ्या.

येथें दोन गोष्टींचा खुलासा करणें अवश्य आहे. पहिली ही कीं, त्या मुलीच्या जनुकांची तपासणी कोणीं केलेली नाहीं. ती मंदच होती असें आम्ही छातीठोकपणें म्हणत नाहीं. आपल्यांतील निम्म्याहून अधिक माणसें मंद असून त्यांतील बहुतेकांस हीं औषधें सुखानें मानवतात. कदाचित् तिचा भाऊही मंदच असेल. मंदपणा हें एक कारण झालें, एकमेव नव्हे. दिल्लीच्या वैद्यांनीं १९९६ सालीं ज्या कारणांची यादी दिली, तींत मंदपणाबरोबर वाढतें वय, अति मद्यपान, फार पसरलेला रोग आणि रक्तांतील अल्ब्युमिनाची उणीव हींही होतीं. अल्ब्युमिनाची उणीव म्हणजे पुष्कळदां अन्नाचीच उणीव. मेळघाटांत ती दारिद्र्यानें येते. आपल्या घरांत ती कधीं कधीं सोमवार, चतुर्थी, एकादशी अशा लागोपाठच्या उपवासांनीं स्त्रियांच्या वांट्यास येते. देव कांहीं सहा महिन्यांच्या खंडानें रागावणार नाहीं. क्षयाच्या उपचारांत उपवासांस रजा द्यावी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. चिनी असे, जपानी तसे, आपण अमुक, हें वाचून कित्येकांस देशोदेशींच्या व जातीजातींच्या शरीरांविषयीं सिद्धान्त मांडण्याचा मोह होईल. तो मोह आवरावा. हे आंकडे लोकसमूहाचे आहेत, समोर बसलेल्या रोग्याचे नव्हेत. चिनी लोकांतही शेंकडा वीस मंद आहेतच, आणि आपल्यांत शेंकडा चाळीस शीघ्र आहेत. कुळ, गोत्र, पोटजात यांपैकीं कांहींही पाहून डॉक्टरांस मात्रा ठरवितां येणार नाहीं. कारण, वर दाखविल्याप्रमाणें, ही भेदाची रेषा एकाच घराच्या माजघरांतून, दोन भावंडांच्या मधून जाते. आपल्यांत मंद अधिक म्हणून सर्वांचीच मात्रा घटविणें तर उघड धोक्याचें. त्यानें शीघ्र रोग्यांचा क्षय अर्धाकच्चा राहील व जंतु औषधाला सरावतील. खरा मार्ग प्रत्येक रोग्याची प्रकृति पाहण्याचा. जपानांत २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका चाचणींत रोग्याचें जनुक आधीं तपासून मंदांस आयसोनियाझिड कमी व शीघ्रांस अधिक दिलें, तेव्हां मंदांचीं यकृतें बचावलीं आणि शीघ्रांचा उपचार सुधारला. आपल्याकडे ही तपासणी नित्याच्या उपचारांत आलेली नाहीं. ती येईपर्यंत घरच्या माणसांचे डोळे हेंच तपासणीचें पहिलें साधन होय.

अमरावतीच्या वाचकांस आणखी एक जवळचें उदाहरण देतों. शहराबाहेरील तपोवन सर्वांस माहीत आहे, डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनीं कुष्ठरोग्यांसाठीं उभारलेलें तें आश्रयस्थान वऱ्हाडचें भूषण आहे. कुष्ठरोगावर दीर्घकाळ वापरांत असलेलें डॅप्सोन हें औषधही यकृतांत याच एन-ॲसिटिल ट्रान्स्फरेजच्या हातून जातें. इतकेंच नव्हे, तर मनुष्य मंद कीं शीघ्र हें पाहण्यासाठीं संशोधक पूर्वीं डॅप्सोनचीच मात्रा देऊन रक्त तपासत. अर्थात् हा भेद केवळ क्षयापुरता नाहीं. रक्तदाबावरील हायड्रॅलझीन आणि सल्फा वर्गांतील कांहीं औषधें यांनाही त्याच दारांतून जावें लागतें. शेजारणीला लागू पडलेली गोळी तिच्या सांगण्यावरून आपण घेऊं नये, या जुन्या शहाणपणास आतां असें शास्त्रीय कारणही मिळालें आहे.

आमच्या पूर्वजांस जनुकें ठाऊक होतीं असा दावा आम्ही करीत नाहीं. वात-पित्त-कफ निराळें आणि आठव्या गुणसूत्रावरील अक्षरें निराळीं. दोहोंची भलती सांगड घालण्यानें दोहोंचीही अप्रतिष्ठा होते. परंतु रोग एकच असला तरी रोगी एकच नसतो, ही जी नजर जुन्या वैद्यांस होती, ती आपण टाकून देऊं नये इतकेंच आमचें म्हणणें.

तर मग ज्यांच्या घरीं क्षयाचा उपचार चालू आहे त्यांनीं काय करावें? औषध सुरू होण्यापूर्वींच डॉक्टरांस मोकळेपणानें सांगावें: पूर्वीं कावीळ झाली होती काय, मद्याचें व्यसन आहे काय, इतर कोणतीं औषधें, काढे किंवा पाले चालू आहेत काय. वय झालेलें असेल, वजन फार उतरलें असेल, स्त्री गर्भवती असेल, तर यकृताच्या तपासणीविषयीं आपण होऊन विचारावें. ती रक्ताची साधी तपासणी आहे. रिफाम्पिसिननें लघवीला नारिंगी-तांबूस रंग येतो. त्यानें भिऊं नये, तो औषधाचाच रंग आहे. परंतु अन्नावरची वासना एकाएकीं जाणें, सारखी मळमळ किंवा वांत्या, उजव्या बरगडीखालीं दुखणें आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागास पिवळेपणा येणें, हीं यकृताचीं हांक मारण्याचीं चिन्हें होत. हीं दिसतांच त्याच दिवशीं डॉक्टरांस गांठावें. गोळ्या मुकाट्यानें बंद करून घरीं बसूं नये, आणि हट्टानें गिळीतही राहूं नये. पायांच्या तळव्यांस मुंग्या येत असतील तर तेंही सांगावें. त्यावर पायरिडॉक्सिन, म्हणजे ब-सहा जीवनसत्त्व, हा सोपा उपाय आहे. आणि गोळ्या बंद केल्यावर कावीळ उतरली तर त्याचें श्रेय पाल्यास देण्यापूर्वीं क्षणभर विचार करावा. ज्यानें त्रास होत होता तें थांबलें, म्हणून त्रास थांबला. मात्र क्षय थांबलेला नसतो. तो आंत वाढत असतो, आणि खोकल्यावाटे घरांतल्या म्हाताऱ्यांपर्यंत व लहानांपर्यंत पोहोंचत असतो.

त्या मुलीचें पुढें काय झालें हें वाचकांस सांगावयास पाहिजे. रुग्णालयांत प्रथम जंतु औषधांस दाद देतात कीं नाहीं हें तपासण्यांत आलें. सुदैवानें ते देत होते. यकृताची तपासणी ठीक आल्यावर औषधें एकदम न देतां एकेक करून सुरू केलीं, प्रत्येक पायरीला रक्त पाहिलें, आणि जें सोसत नव्हतें तें वगळून उरलेल्यांची मुदत वाढविली. सहा महिन्यांत संपावयाचें दुखणें वर्षाहून अधिक चाललें. पण ती पूर्ण बरी होऊन अमरावतीस आपल्या शाळेंत परत गेली. लग्नाचीं तीं बोलणीं फिसकटलीं. नवीं निघालीं तेव्हां तिनें आपला आजार पहिल्याच भेटींत स्वतः सांगितला. लपवून काय साधलें तें घरानें पाहिलेंच होतें.

या लेखांतील मजकूर आम्हीं तिच्या आईस आधीं वाचून दाखविला. जमिनीचा दृष्टान्त त्यांस पटला. त्यांचें माहेर पूर्णेच्या कांठचें. ऐकून झाल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग सुनेला हांक मारून म्हणाल्या, “अगं, ऐकलेंस का? तुझ्या फोडणीचा कांहीं दोष नव्हता हो.” सून म्हणाली, “मला ठाऊक होतें, आई. पण तुम्हीं म्हणालांत, बरें झालें.” औषधाच्या गोळींत जें सांगितलेलें नसतें, असें कांहीं त्या दिवशीं त्या घरांत बरें झालें. आमच्या वाचकांच्या घरांत तें बिघडण्यापूर्वींच टळावें, एवढीच इच्छा.